रस्टी काकांचा फोन

माझ्या लेकाची, हार्लनची, एक खोड काही केल्या जात नाही. वय पन्नाशीला टेकलं, रविवारी चर्चमध्ये दानाची परडी फिरवतो, गावात विम्याचं दुकान आहे, चारचौघांत 'मिस्टर स्ट्रिब्लिंग' म्हणवून घेतो. आणि संध्याकाळ झाली की माझ्या मागच्या ओसरीवर, कपडे धुण्याच्या मशीनच्या आड उकिडवा बसून रेडिओवरच्या फुटबॉलच्या कार्यक्रमाला फोन लावतो. बरं, लावतोस तर आपल्या नावानं लाव. तेही नाही. आवाज जाड करायचा, नाकात बोलायचं, आणि म्हणायचं, "हिकरी रिजचा रस्टी बोलतोय. पहिल्यांदाच फोन करतोय." हिकरी रिजला तो आयुष्यात एकदा गेलाय, तोही गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून थांबला होता.

हे सगळं मला कळलं ते फार वाईट रीतीनं कळलं.

आमच्याकडे बाळ पोटात आलं की लोक आधी पाद्रीबाबांना कळवतात आणि मग कॉलेजच्या फुटबॉलच्या कोचना. तर या वसंतात आमच्या कूसा बेंड कॉलेजचा चेंडू छातीशी धरून पळणारा गडी गुडघा मोडून बसला. कोच ब्लेडसोंनी जाहीर केलं, नदीपलीकडच्या हार्गेट कॉलेजातला जार्विस टॉलिव्हर यायला तयार आहे, त्याला घेऊ म्हणतो. झालं! गावात जणू कुणी पाण्याच्या टाकीत साप सोडला. या जार्विसनं दोन वर्षं आमच्या पोरांना मक्याच्या शेतासारखं तुडवलं होतं. त्याला आपला कसा म्हणायचा? आणि चांगला खेळणारा गडी हार्गेटवाल्यांनी सोडला तरी का?

मी स्वयंपाकघरात पीठ तिंबत होते. शेजारी रेडिओ चालू. हिकरी रिजचा कुणी रस्टी तावातावानं बोलत होता.

"हा गडी चेंडू सांभाळत नाही! धक्का लागला की सुटलाच! आणि मी म्हणतो, जो आपलं कॉलेज सोडून आला तो आपल्याला काय धरून राहणार? गद्दार तो गद्दारच. दोष त्याचा नाही म्हणा. ज्यांनी वाढवला त्यांनीच शिकवलं नाही, तर पोर काय करणार?"

माणूस बोलतो बरोबर, असं मला वाटलं. मी मानही हलवली. आणि तेवढ्यात माझी नजर परातीशेजारी पडलेल्या ट्यूबवर गेली. माझं डोकंच फिरलं. मी ओसरीच्या दाराशी गेले आणि पोटातून ओरडले.

"हार्लन युजीन स्ट्रिब्लिंग! तुझं मूळव्याधीचं मलम माझ्या पिठाच्या परातीशेजारी काय करतंय?"

आणि मागे वळले. रेडिओवर रस्टी अजून बोलत होता, "...माझं तर स्पष्ट मत आहे की..." आणि मग रेडिओतून, माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच आवाज आला. "हार्लन युजीन स्ट्रिब्लिंग! तुझं मूळव्याधीचं..." सगळं. मलम, परात, एक अक्षर वगळलं नाही. रेडिओवर बोललेलं जरा उशिरानं बाहेर येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

कार्यक्रम चालवणारा माणूस म्हणाला, "रस्टी, बहुतेक तुम्हाला आत बोलावतायत."

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. किराणा दुकानातली पोरगी विचारते, "ओवेटामावशी, मलम सापडलं का?" औषधवाल्यानं तर खिडकीत त्याच मलमाची उतरंड रचली. पण खरं दुखणं वेगळंच होतं. रस्टी म्हणजे हार्लन हे सगळ्यांना कळलं, तरी त्याचं म्हणणं मात्र सगळ्यांनी उचललं. रेडिओवर रोज कुणीतरी म्हणे, "त्या मलमवाल्याचं बरोबर आहे, पोरगा नको." नाव खोटं निघालं तरी गावाला चालतं. मत आवडलं की झालं.

मग कोच ब्लेडसोंचा फोन आला.

"ओवेटाबाई, रविवारी त्या जार्विसला तुमच्याकडे जेवायला आणतोय. त्याची आजीपण आहे."

"माझ्याकडे? काय झालं ते ऐकलं नाहीत का तुम्ही?"

"ऐकलं. म्हणूनच. आता गावात दुसरं कुणी त्याला दारात उभं करणार नाही."

नवीन खेळाडू आला की पहिलं जेवण माझ्याकडे, हा रिवाज मीच पाडलेला. माझं तळलेलं चिकन खाऊन किती आयांनी आपली पोरं या कॉलेजात ठेवली, ते गाव जाणतं.

कोच पुढं म्हणाले, "संघातली पोरंही बिथरलीत. त्यांचा कप्तान टीग जेवायला येईल. पोराला बघेल, बोलेल, आणि सोमवारी मला हो की नाही ते सांगेल. संघ नको म्हणाला तर मी त्याला घेणार नाही. त्याचं शेवटचं वर्ष आहे, बाई. शिष्यवृत्ती गेली तर खेळही गेला आणि शिक्षणही."

"त्यानं ऐकलाय का तो कार्यक्रम?"

"गाडीत रेडिओ चालू होता. आजीपण शेजारीच होती."

मी हार्लनला बोलावलं. "रविवारी तू तोंडातून हूं की चूं काढायचं नाहीस. घसा बसलाय तुझा."

"अगं पण आई, मी जाड आवाजात बोललो होतो. साध्या आवाजात कुणी ओळखणार नाही."

"तुझी बायको ओळखते का तुला?"

"हो."

"मग गप्प बस."

तेव्हा सूनबाई नॅडीन बटाटे सोलता सोलता म्हणाली, "आणि आई, तुमचं काय? आवाज तर तुमचापण गेलाय की रेडिओवर. ह्यांच्यापेक्षा मोठा."

खरं होतं. मला घाम फुटला. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, पाहुण्यांसमोर मी मुकी! आणि बोलणार कोण, तर नॅडीन. लग्न झाल्यापासून या घरात एक वाक्य पुरं करायला मिळालं नाही, असं ती सगळीकडे सांगते. मला तसं आठवत नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर मंडळी आली. कोच दारात सोडून गेले. पोरगा बुटका, मानेनं जाड, आजीची पर्स एका हातात आणि आजीचा दंड दुसऱ्या हातात. आजी, व्हर्बिनाबाई, जांभळी टोपी घालून आत आली आणि आल्या आल्या माझ्या पडद्यांकडे बघितलं. मी ओळखलं, बाई माझ्याच मापाची आहे. मागून टीग आला, दारातून आडवा होऊन. त्याला सरळ आत येता येत नाही.

"आईंचा आणि ह्यांचा घसा बसलाय," नॅडीन म्हणाली.

"दोघांचा?" व्हर्बिनाबाई.

"दोघांचा. एकदमच. साथ आहे."

आणि जी बोलत सुटली! तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, बहिणीचं लग्न मोडलं, हार्लननं तिला मागणी घातली तेव्हा तो रडला होता, सगळं झालं. हार्लन नुसता लालबुंद. मी टेबलाखाली तिला पाय मारला तर तो टीगला लागला, आणि तो बिचारा म्हणाला, "सॉरी, मावशी."

"हे मक्याचं कॉर्नब्रेड घ्या ना," नॅडीन म्हणाली. "आई यात साखर घालतात. मी कितीदा सांगितलं, घालू नका."

व्हर्बिनाबाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला. "साखर घातली की तो केक होतो. कॉर्नब्रेड नाही राहत."

माझ्या स्वयंपाकघरात हे बोलून आजवर कुणी धड परत गेलेलं नाही. मी घोटभर चहा प्यायले. तोही गोड लागेना.

इकडे टीगनं चिकनची चौथी तंगडी संपवली आणि कामाला हात घातला. "हार्गेट का सोडलंस रे?"

पोरगा ताटाकडे बघत म्हणाला, "जमलं नाही."

"कोचशी भांडलास?"

"नाही."

"अभ्यासात नापास?"

"नाही."

"मग चेंडू सुटतो म्हणून काढलं?"

"नाही. जमलं नाही, एवढंच."

टीगनं काटा खाली ठेवला. टीगनं काटा खाली ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. "हे बघ भावा, मी उद्या पोरांना काय सांगू? ज्याला विचारलं तर सांगता येत नाही, त्याच्यासाठी आम्ही समोरच्यांचे धक्के खायचे?"

पोरगा आजीच्या पेल्यात चहा ओतू लागला. मला दिसत होतं, उद्याचं उत्तर 'नाही'. आणि ते बी कुणी पेरलं होतं, तर माझ्या बाजूला बसून बिया काढत टरबूज खाणाऱ्या माझ्या लेकानं.

व्हर्बिनाबाई एकदम खुर्ची सरकवून उठल्या. "नॅडीन, व्हिनेगर कुठंय? आणि लाल तिखट? ह्या दोघांचे घसे आत्ता मोकळे करते. मला बघवत नाही."

नॅडीननं, देव तिचं भलं करो, दोन्ही काढून दिलं. लसूणही दिला. बाईंनी दोन पेले भरून आणले आणि आमच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. "एका दमात."

मी प्यायले. डोळ्यांतून पाणी आलं, कानातून धूर आला असेल तर माहीत नाही, पण मी दगडासारखी बसून राहिले. बाळंतपणातसुद्धा मी ओरडले नव्हते. हार्लननं घोट घेतला आणि टेबलावरचे चमचे उडाले.

"मेलो! अगं आई गं, मेलो!"

तिखटानं घसा असा काही खरवडला गेला होता की आवाज हुबेहूब हिकरी रिजच्या रस्टीचा निघाला. जाड, नाकातला.

जार्विसनं थंड चहाचा ग्लास शांतपणे त्याच्यापुढे सरकवला.

"घ्या, रस्टी काका."

हार्लननं ग्लास घेतला, अर्धा सांडला. "तुला... तुला कधी कळलं?"

"बाहेर टपालपेटीवर नाव आहे ना, काका. एवढं मोठं. रेडिओवर तुमचं अख्खं नाव घेतलं होतं."

त्या पेटीला मीच नवा रंग लावून घेतला होता. मला राहवलं नाही. "मग मेल्या, इतका वेळ मुकाट्यानं जेवलास कसा?"

व्हर्बिनाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "अगंबाई! ही तर ती मलमवाली!"

टीगच्या नाकातून चहा आला. तो हसत सुटला, नॅडीन पदराआड... पदर कुठला, ॲप्रनआड हसत होती, आणि मीही जन्मात पहिल्यांदा कुणी मला हसलं म्हणून काही बोलले नाही. बोलायला तोंड कुठं होतं?

हसल्या नाहीत त्या फक्त व्हर्बिनाबाई. त्या परत खुर्चीत बसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "मीपण लावते फोन. हार्गेटच्या कार्यक्रमाला. पुलाजवळची लुसील म्हणून."

"आजी," जार्विस म्हणाला, "राहू दे ना."

"काय राहू दे? टीग, त्यांच्या कोचला मी म्हटलं होतं, तुला शेळ्या राखता यायच्या नाहीत, संघ काय राखतोस. आणखीही म्हटलं. आख्ख्या नदीकाठानं माझा आवाज ओळखला. चर्चमध्ये मीच वरच्या सुरात गाते ना. पुढच्या शनिवारच्या सामन्यात हा राखीव बाकावर. नंतर बाकावरपण नाही. मला वाटलं, ह्याला कळलंच नाही का बसवलं ते. म्हणून मीही बोलले नाही."

"कळलं होतं," पोरगा ताटाकडे बघत म्हणाला. "पण घरातल्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं?"

त्याचे कान लाल झाले होते. सगळे तालुके त्याला गद्दार म्हणत होते, माझ्यासकट, आणि हा 'जमलं नाही, जमलं नाही' करत दारोदार हिंडत होता.

टीगनं तोंड पुसलं, नीट पुसलं, आणि खिशातून फोन काढला. "कोच? टीग बोलतोय. हो, जेवतोय अजून. त्याला घ्या... नाही, उद्यापर्यंत कशाला? मी सांगतो पोरांना... चेंडूचं काय? शिकवू आपण. ज्याचं तोंड इतकं घट्ट, त्याचे हात होतील घट्ट."

व्हर्बिनाबाईंनी डोळ्याला रुमाल लावला आणि लगेच काढला. मी तिकडे बघितलं नाही. बायकांनी एकमेकींना एवढी सवलत द्यावी.

हार्लननं घसा खाकरला. "मी काय म्हणतो, माझं म्हणणं फक्त खेळापुरतं होतं हं. तसं मनात काही..."

मी उठले. माझ्या टेबलावर कित्येक पोरं जेवून गेली, पण माझ्याच लेकाकडे बघताना पाहुण्यांपुढे माझी मान अशी कधी खाली गेली नव्हती. चिकनचं भांडं मी उचललं आणि त्याच्यापुढे आदळलं.

"हार्लन, आजीचं नाव झाकायला ह्या पोरानं स्वतःचं नाव घालवलं. आणि स्वतःचं नाव झाकून तू त्याचं घालवत होतास. ऊठ. त्याच्या ताटात वाढ, आणि वाढताना मान खाली ठेव."