डेऱ्यातले चिरूट

भाईंदरच्या शिवदासकडे मीठखात्याच्या गोऱ्या साहेबांनी आपले चिरूट पावसाळ्यापुरते ठेवायला दिले आणि त्या दिवसापासून घरातल्या माणसांची सोय तात्पुरती झाली.

साहेब रजेवर विलायतेला निघाले होते. शिवदासच्या मिठागराचा पट्टा दिवाळीनंतर नवा व्हायचा होता, त्यावर सही साहेबांची. म्हणून चिरुटांची पेटी त्याने तान्हं मूल घ्यावं तशी दोन्ही हातांत घेतली. साहेबांनी आपल्या मराठीत बजावलं, "सुका होऊ नये. ओला होऊ नये. वास लागू नये."

शिवदासचा सारा जन्म खाडीचं पाणी सुकवण्यात गेलेला. सुकू द्यायचं नाही, ही कल्पनाच त्याला नवी. विलायतेत यासाठी म्हणे खास पेटारा असतो. त्याने पिण्याच्या पाण्याचा डेरा रिकामा केला. तळाशी ओली वाळू, वर पाट, पाटावर पेटी, तोंडाला ओलं फडकं. घरच्यांनी तहान शेजारी भागवावी असं ठरलं. आषाढात बुरशीची चाहूल लागली तेव्हा डेऱ्यात मिठाची पुरचुंडी सोडण्यात आली. मग सकाळी मीठ, दुपारी फडकं.

ओल मार्गी लागल्यावर वासाचा विषय हाती आला. आधी शिवदासची स्वतःची विडी बंद झाली, मग चुलीवरची फोडणी. उत्तनचा कोळी अल्फान्सो वर्षानुवर्षं मिठाच्या बदल्यात सुके बोंबील आणून देई. त्याला कुंपणाबाहेर थोपवण्यात आलं.

"शिवदादा, बोंबलाला बोंबलाचा वास न्हाय येनार, तर काय मोगऱ्याचा?" एवढं बोलून तो टोपलीसकट परत गेला.

नेमके तेव्हाच सून पुष्पलताला डोहाळे लागले, भाजलेल्या बोंबलाचे. शिवदासने सर्व बाजूंनी विचार करून, डोहाळे बदलून घेता येतील का, अशी विचारणा केली.

त्याची बायको पार्वती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरीला बोंबील खावासा वाटतंय. मंग काय चिरूट भाजून देऊ तिला?"

"पट्टा गेला तर खाशील काय?"

"पट्टा हाय तवा तरी काय खातोय आपण?"

पार्वती सुनेला घेऊन तिच्या माहेरी, राई गावाला गेली. नवरात्रात नातू झाला. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी हवी, आणि धूर तर चिरुटांना सोसत नाही. तेव्हा बाळाने तिकडेच राहावं, असा निरोप गेला. शिवदास बाळाला बघायलाही गेला नाही. तेवढ्यात फडकं सुकलं असतं.

दिवाळी झाली. बैलगाडीतून डेरा साहेबांच्या बंगल्यावर पोचला. साहेबांनी पेटी उघडून वास घेतला.

"वा. अगदी ताजे."

"साहेबांनी एक ओढून बघावा," शिवदास हात जोडून म्हणाला.

"मी? मी ओढत नाही. डोकं दुखतं. मला आधीच्या साहेबाने ठेवायला दिले. मोठे साहेब येतील, त्यांना देऊ." नेहमीप्रमाणे न वाचताच पट्ट्यावर सही करून त्यांनी पेटी परत शिवदासच्या हाती ठेवली. "तोवर तुम्ही सांभाळा. फार छान सांभाळता."

शिवदास छाती फुगवून घरी आला. मोठ्या साहेबांचे चिरूट आता.

मोठे साहेब आले नाहीत. पुढे सगळेच साहेब गेले, त्यांचं सरकारही गेलं. डेरा शिवदासच्या घरात अजून तसाच आहे. पुष्पलताला दुसऱ्यांदा डोहाळे लागले तेही कुंपणाबाहेरच भागवले, आणि थोरला नातू आता फडकं न सांगता भिजवतो.

हसा, बाळांनो, खुशाल हसा. मग घरी जाऊन फडताळाची वरची फळी बघा. नक्षीच्या त्या कपबशा, ज्यांना हात लावलात तर आई ओरडते. त्या ज्या पाहुण्यासाठी ठेवल्यात, त्याचं नाव तेवढं विचारून या.