शंकररावांच्या बरण्या

शंकररावांनी आतल्या खोलीतल्या पंख्याची पाती काढून कपाटात धोतरांखाली ठेवली होती. चुकून कुणी बटण दाबलं तरी वारा सुटू नये म्हणून. आणि हे कुंभकोणमात, कत्तिरीच्या, म्हणजे ऐन मे महिन्यातल्या उन्हात, जेव्हा कावळादेखील नळाखाली येऊन बसतो.

त्या खोलीत एकवीस काचेच्या बरण्या होत्या आणि बरण्यांत शेवाळ. शेवाळ म्हटलं की ते चिडत. "शेवाळ नव्हे आक्का, नेच्याच्या नात्यातली झाडं ही." कॉलेजात झाडांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, तिथून हे नातं घरी आणलं. मला विचाराल तर शेवाळच. एका बरणीतल्याला मात्र मोराच्या मानेसारखी निळी झाक होती, ते खरं. झाकण घट्ट लावलं तर बुरशी येते, उघडं टाकलं तर झाड सुकतं. म्हणून झाकण अर्धं, खिडकी बंद, वारा नको.

त्यांच्या मते जगात दोनच प्रकार, ओलं आणि कोरडं. शेजारी आमच्याकडे आले की भिंतीला तळहात लावून म्हणत, "कोरडं." भाच्यासाठी मुलगी पाहून आले तेव्हा मी विचारलं, मुलगी कशी आहे. म्हणाले, स्वयंपाकघर छान ओलं आहे. माझी लोणच्याची बरणी तर लोणचं आत असतानाच मागायला आले होते. मी हाकललं.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी तारा चेन्नईहून सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. घरात खोल्या दोन. पुढची पत्र्याखाली तापलेली, आतलीत वारा नाही. दुसऱ्या दिवशी बाळाची पाठ घामोळ्यांनी लाल झाली. ताराने बॅग भरली. "अप्पा, तुम्ही यांनाच सांभाळा," एवढंच बोलली. रिक्षा वळली तरी शंकरराव पायरीवर उभेच. चूक तुमची, असं मी तोंडावर सांगितलं. 

यंदा उन्हाळा लागला तसे एक दिवस आले, माझ्या न्हाणीच्या भिंतीला हात लावला आणि मान डोलावली. संध्याकाळपर्यंत एकवीसही बरण्या माझ्या न्हाणीत. साबणाचं पाणी उडू नये म्हणून मी अंग चोरून आंघोळ करायला लागले. तिकडे पंख्याला पाती चढली, पाळणा आला, आणि रिकाम्या खोलीत पंखा दिवसभर फिरायला लागला.

आठवडा गेला तेव्हा मी विचारलं, तारा येणार कधी?

ते नखातली माती काढत बसले. मग म्हणाले, "अजून विचारलं नाही, आक्का. नाही म्हणाली तर?"

मी त्यांच्याच फोनवरून तिला फोन लावला, त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, बोला, नाहीतर सगळ्या बरण्या रस्त्यावर.

ते फोन घेऊन न्हाणीत शिरले आणि दार लोटून घेतलं. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण बोलत होते. माझी आंघोळ राहिली होती. धुतलेलं लुगडं हातात धरून मी बाहेर थांबले.