लागेल तसं पाणी

बार्लीच्या पाकिटामागे कृती छापणारे साहेब, या सगळ्या उपद्व्यापाचे धनी तुम्ही आहात. तुम्ही कोण, कुठे बसता, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं, काही ठाऊक नाही. पण ‘बार्ली घाला, लागेल तसं पाणी घाला, मऊ होईपर्यंत शिजवा’ हे तुम्हीच लिहिलंत आणि हात झटकून मोकळे झालात. इकडे एका प्लंबरच्या घरात काय पणाला लागलं होतं, त्याची तुम्हाला खबर नाही.

घरात माणसं तीन. प्लंबर, त्याची बायको आणि त्याचे वडील आप्पा. बायको नर्स. दुसऱ्या शहरात तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं की ती ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होणार होती. या संधीची तिने वर्षानुवर्षं वाट बघितली होती. आता होकार द्यायची वेळ आली, तर ती घुम्यासारखी बसून राहिली.

“तुम्ही दोघं खाणार काय?” एवढंच ती विचारायची.

“बाहेरून आणू,” प्लंबर म्हणाला.

“आप्पांचा मुतखडा बाहेरच्या खाण्याने कमी झाला की वाढला?”

“मी काही एवढ्यात मरत नाही,” आप्पा आतून ओरडले.

“तुम्ही मरत नाही हो. तुम्ही मला फोन करता.”

शेवटी प्लंबरने पैज लावली. शनिवारी ती ड्यूटीवरून येईल तेव्हा टेबलावर गरम जेवण तयार असेल. जमलं तर तिने जायचं, नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. तिने जावं असं त्याला मनापासून वाटत होतं. तसं तो बोलला मात्र नव्हता. बायकोने तीन महिने लांब जावं असं मनापासून सांगणाऱ्या नवऱ्याबद्दल लोक भलतंच काहीतरी बोलतात.

बार्ली घरात होतीच. मुतखड्यावर डॉक्टरांनी आप्पांना ती सांगितली होती. रोज सकाळी बायको दाण्यांसकट वाडगाभर बार्ली शिजवून ठेवायची आणि ड्यूटीला जायची. संध्याकाळी आप्पा रिकामा वाडगा उलटा करून दाखवायचे.

तर पाकिटामागे तुमची स्ट्यूची कृती. कोकराचं मटण, गाजर, कांदा, बार्ली, सगळं एकाच पातेल्यात. प्लंबरला ती पटली. एक टाकी, एक जोडणी, भानगड नाही. मटण त्याने छान लालसर परतलं, त्यात कांदा-गाजर टाकलं, मिरी ठेचून घातली. इथपर्यंत कुणी नावं ठेवली नसती. मग बार्ली. किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याने धंद्याचा नियम लावला: सामान उरलं तर चालतं, कमी पडलं तर पुन्हा जिना उतरावा लागतो. अर्धं पाकीट रिकामं केलं. दाणे तळाशी जाऊन बसले आणि अगदीच केविलवाणे दिसायला लागले. म्हणून उरलेलं अर्धंही ओतलं. काठोकाठ पाणी घालून झाकण ठेवलं.

थोड्या वेळाने झाकण उचललं तर पाणी चार बोटं खाली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दाण्यांनी पाणी प्यायलं. पण प्लंबरच्या आयुष्यात पाणी नाहीसं व्हायला कारण एकच.

“आप्पा, पातेलं गळतंय.”

“माझ्या लग्नातलं आहे ते. आजवर गळलं नाही.”

“लग्नातलं आहे म्हणूनच.”

त्याने पातेलं उतरवून खाली वर्तमानपत्राचा कागद घातला आणि गुडघे टेकून वाट बघितली. कागद कोरडा निघाला. त्याचं पक्कं झालं. गळती बारीक आहे, गरम भांड्यावर जागच्या जागी वाळते. ही गळती सगळ्यांत वाईट. गिऱ्हाइकांना त्याने हे कितीदा तरी समजावलं होतं. त्याने सगळा ऐवज मोठ्या पातेल्यात ओतला आणि पुन्हा काठोकाठ पाणी भरलं.

पाणी पुन्हा खाली गेलं.

“हेही गळतंय.”

“आता भांड्यांना बोल लावू नकोस,” आप्पा म्हणाले. “आता गॅसला लाव.”

तिसरं पातेलं आलं, चौथं आलं, ऐवज सगळ्यांत वाटून वर पुन्हा पाणी. मटण दिसेनासं झालं. शेवटी त्याने चमचा उभा करून सोडला. चमचा उभाच राहिला. तेव्हा कुठे पाणी कुठे गेलं ते प्लंबरच्या लक्षात आलं.

ओट्यावर, टेबलावर, खुर्चीवर भरलेली पातेली. बायको यायला थोडाच वेळ उरलेला. हे बघून ती काय म्हणेल? हेच म्हणेल, की यांना एक संध्याकाळ सोडलं तर ही गत, मग तीन महिने कसे सोडू? टेबलावर एकच पातेलं दिसायला हवं. बाकीचं तिच्या आधी घरातून गेलं पाहिजे. कचऱ्याचा डबा तर ती उघडणारच.

प्लंबरने सिंककडे बघितलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या इमारतीच्या जिन्यात एक पाटी आहे: ‘सिंकमध्ये अन्न टाकू नये. पाईप तुंबल्यास टाकणाऱ्याचं नाव इथे लिहिलं जाईल.’ पाटी प्लंबरनेच लावलेली. मागे बटाट्याच्या सालांपायी खालच्या शिकवणीवाल्या बाईंचं नाव त्याने खडूने लिहिलंही होतं, आणि ते पुसायची परवानगी बरीच उशिरा दिली होती.

“सिंकमध्ये नको रे,” आप्पा एकदम म्हणाले.

“का?”

“तो पाईप मला जरा भरल्यासारखा वाटतो.”

“आपल्या दोघांत प्लंबर कोण?”

प्लंबरने एक पातेलं गरम पाण्याने सैल केलं आणि ओतलं. पाईपाने ढेकर दिली. दुसऱ्या पातेल्याला तो हात घालणार, तोच फोन वाजला.

“प्लंबर,” शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, “माझ्या सिंकमधून जेवण वर येतंय.”

“खराब झालेलं?”

“छे! ताजं आहे. गाजरं आहेत. वास असा सुटलाय की मला भूक लागली. या लवकर. आणि येताना तो खडू आणा.”

प्लंबर पाना आणि बादली घेऊन खाली गेला. खडू विसरला. बाईंच्या सिंकखाली आडवं होऊन त्याने पाईपाचा कोपरा उघडला. आधी स्ट्यू आला. तो गुपचूप बादलीत घेतला. त्याच्यामागे पांढरट, दगडासारखा बोळा निघाला, थरावर थर बसलेला. तो बघून त्याच्यातला कारागीर जागा झाला आणि आपणच गुन्हेगार आहोत हे तो क्षणभर विसरला.

“बाई, बघा! हे आजचं नाही. हे कित्येक महिन्यांचं आहे. रोज सकाळी कुणीतरी वाडगाभर टाकतंय. मी लिहून देतो!”

“मग द्या लिहून,” बाई म्हणाल्या.

त्याने मान वर केली. दारात बायको उभी होती, ड्यूटीच्या कपड्यांत, खांद्यावर पिशवी. तिने बोळ्यातला एक तुकडा उचलून बोटांनी कुस्करला. सगळ्या इमारतीत बार्ली एकाच घरात यायची.

तिने जिन्यात जाऊन हाक मारली, “आप्पा!”

“वाडगा रिकामा केला गं मी!” वरून उत्तर आलं.

ती वर गेली, हात धुतले, एक ताटली भरून घेतली आणि सावकाश संपवली. दोघं पुरुष समोर उभे, शाळेत निकाल ऐकायला उभे असावेत तसे.

“मटण मऊ झालंय,” ती म्हणाली. “मीठही बरोबर आहे.”

“आणि?”

“उद्या होकार कळवते.”

“अगं, एवढं सगळं होऊन?”

“मी या घरात असताना रोज माझ्या नाकाखालून औषध गटारात गेलं. मी इथे राहून राखलं काय? नसले तर निदान सकाळचं शिजवणं वाचेल.” तिने ओट्यापासून खुर्चीपर्यंत मांडलेली पातेली न्याहाळली. “आणि जेवणाचं म्हणाल, तर ते तीन महिन्यांचं झालेलंच दिसतंय.”

ती गेली. आप्पा रोज बार्ली खातात, कारण घरात दुसरं काही नाही. सिंकच्या तोंडावर बाईंनी स्वतः येऊन जाळी बसवून घेतली आहे. पैसे प्लंबरचे.

तर साहेब, आता तुमच्याकडे येऊ. जिन्यात बाईंच्या वळणदार अक्षरात दोन नावं लिहिलेली आहेत. खाली तिसऱ्या नावाची जागा कोरी ठेवली आहे आणि खडू तिथेच टांगलाय. ‘लागेल तसं’ म्हणजे किती? ग्लास, तांब्या, बादली, टाकी, जे असेल ते स्वच्छ सांगा. आणि नाव काय तुमचं?