भस्म खाल्लेलं यंत्र

गुरुलिंगअण्णांच्या कुंभारी गावातल्या कडक भाकरीच्या कारखान्यात सोमवारी विजेवरचा यांत्रिक हात आला. तो दुपारपर्यंत नीट चालला तर दाक्षायणीनं घरी बसायचं, असं सुपरवायझर सोमशेखरनं जाहीर करून टाकलं. दाक्षायणी अकरा वर्षं भाकऱ्या पाकिटात भरत होती. सोमशेखर अकरा वर्षं ती पाकिटं मोजत होता. तो अण्णांचा मेव्हणा. त्या खुर्चीला आणखी कसलं शिक्षण लागत नाही.

हाताच्या टोकाला रबरी वाटी होती. ती हवा ओढून भाकरी धरायची. पकड बसली की पंप आपोआप बंद, पकड ढिली झाली की चालू. "यातच वीज वाचते," असं सांगून इंजिनिअर पुण्याला गेला.

तो गेल्यावर पूजा झाली. अण्णांनी नारळ फोडला आणि यंत्राला कपाळ सापडेना म्हणून वाटीच्या तोंडातच मूठभर भस्म चोपडलं.

"अण्णा, आत वढून घेईल की त्ये," दाक्षायणी म्हणाली.

"देवाचं हाय, काय व्हतंय?" सोमशेखर खेकसला. "तू डबा आवर तुजा!"

बटण दाबलं. पंप एकदा घुरघुरला आणि गप्प झाला. हात मात्र डौलात हलू लागला. ढिगावर वाकायचा, पाकिटावर जायचा, परत यायचा. पडद्यावर आकडा चढत होता. पन्नास. शंभर.

"बगा भावजी, पंप बंद आन् काम चालू!"

"लई वीज वाचली रे!"

"पाकिटं रिकामी हायत," दाक्षायणी म्हणाली.

"तू गप!"

भाकऱ्यांचा ढीग तसाच होता. पण मालक लोक ढीग बघत नाहीत, आकडा बघतात.

चारशे पाकिटं झाल्यावर टेम्पोवाल्या संगप्पानं खोकं नेहमीच्या जोरानं उचललं आणि तो खोक्यासकट मागच्या पिठाच्या पोत्यांवर आडवा झाला.

"अण्णा, भाकरी भरलीय का वारं?"

इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "भस्मानं नळी तुंबली. यंत्राला वाटलं, भाकरी चिकटलीय. मग ते पंप कशाला चालवेल?"

दाक्षायणी पदर तोंडाला लावून हसली. "म्हंजे हात हलवायचा, काम करायचं न्हाय, आन् आकडा दावायचा. अण्णा, हे माजं काम शिकलंच न्हाय. सोमण्णांचं शिकलंय!"

नळी साफ केल्यावर हात सपाट भाकऱ्या झकास उचलू लागला. वाकड्या मात्र त्याला जमेनात. त्या दाक्षायणीच भरू लागली. मोजणीत यंत्र एकदाही चुकलं नाही. अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे.

मंगळवारी सोमशेखर परातीपुढं बसला. त्यानं थापलेली पहिली भाकरी भाजून, वाळून ढिगावर आली. हात खाली आला. भाकरीच्या भेगांतून हवा पळत राहिली, पंप बोंबलत राहिला, भाकरी काही उठेना.

"अण्णा," दाक्षायणीनं हाक मारली, "वीज वाचवायची आसंल तर यांना परत मोजायलाच बसवा!"