‘मला’ लिहिणारी मुलगी

बिनचूक लिहिणे हा गुन्हा नाही; पण त्याची चौकशी झाली पाहिजे. हल्ली निबंध मोबाइलमधली कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते आणि तिची शुद्धलेखनाची चूक होत नाही, हे कळल्यापासून संग्रामपूर तालुक्यातली आमची शाळा सावध झाली. मुख्याध्यापक गुलाबराव सरांनी ताबडतोब ‘मानवी लेखन पडताळणी समिती’ नेमली. मी मराठीचा शिक्षक, म्हणून सचिव.

समितीचे परिपत्रक सरांनी चार मिनिटांत तयार केले. एरवी त्यांना रजेचा अर्ज लिहायला दोन दिवस लागतात. परिपत्रक उत्तम होते. शेवटी ‘हे अधिक कडक भाषेत लिहून देऊ का?’ असेही होते. (हे वाक्य परिपत्रकाचा भाग आहे की नाही यावर एकमत झाले नाही, म्हणून तेही फलकावर लावले.)

जिल्ह्याच्या निबंध स्पर्धेसाठी शाळेतून एकच निबंध बुलढाण्याला जायचा होता. त्रेचाळीस आले. एकोणचाळीस चुकांवरून मानवी ठरले. तिघांनी फक्त नाव लिहिले होते, तेही चुकीचे. त्यांना ‘अतिमानवी’ असा वेगळा गट दिला. उरला नववीतल्या उमैमाचा. त्यात एक चूक नाही. पाच पानांत एकदाही ‘मले’ नाही; सगळीकडे ‘मला’.

इकडची माणसे ‘मले’च म्हणतात. बावीस वर्षे मी त्यावर लाल रेघ मारत आलो. आता त्याच ‘मले’ला समिती माणूसपणाचा पुरावा धरते. शिक्षकाने काळाबरोबर बदलले पाहिजे.

उमैमाला बोलावले. तिचे अब्बा गफ्फारभाई गाद्या भरतात. घरची बोली निराळी, गल्लीतली वऱ्हाडी; त्यामुळे शुद्ध मराठी तिने माझ्या तासाला बसूनच कमावलेली. यंदा बुलढाण्याला जायचेच, असे तिने वर्षभर मनात धरले होते.

“पोरी, एवढं शुद्ध आपल्या तालुक्यात कोन लिवते?” गुलाबराव सर म्हणाले.

“सरांनी शिकवलं तसंच लिवलं. ‘मले’ लिवलं तं लाल रेघ, ‘मला’ लिवलं तं मशीन. मंग लिवाचं काय?”

प्रश्न चोख होता, म्हणजे आणखीच संशयास्पद. समितीने तिला समोर बसवून निबंध पुन्हा लिहायला लावला. पुन्हा एक चूक नाही. निष्कर्ष निघाला: मुलीने यंत्र पाठ केले आहे.

शेवटी दयाबुद्धीने मार्ग काढला. तिने निबंधात चुका कराव्यात.

“किती कराच्या, सर?”

याबाबत शासनाचे प्रमाण उपलब्ध नव्हते. पानाला सात ठरल्या. तिने मान खाली घालून पस्तीस चुका केल्या, एकेक विचारपूर्वक. ‘मला’ खोडून ‘मले’ लिहिताना तिचा हात थांबत होता. मला फार वाईट वाटले. इतिवृत्तात तसा रकाना नाही.

निबंध मानवी ठरून बुलढाण्याला गेला आणि आठ दिवसांत परत आला. शेरा: ‘भाषा अशुद्ध. शिक्षकांनी लक्ष द्यावे.’ लक्ष देण्यासाठी आम्ही दुसरी समिती नेमली आहे.

उमैमाने एवढेच विचारले, “सर, निबंध कसा वाटला तुमाले?”

अक्षर चांगले आहे, असे मी सांगितले. तो निबंध आम्ही तीन सभांत, चष्मे लावून, शब्द न् शब्द तपासला. वाचायचा तेवढा राहिला. आमचे सोडा, आम्हाला काम होते. तुम्ही तर सवडीने वाचत होता. तिने त्यात काय लिहिले होते, हे तुम्हाला तरी एकदा विचारावेसे वाटले का?