बिनफोडणीचा टोमॅटो-पाव

एका जंगलात आग लागली आणि तिला जबाबदार होतं एक साळिंदर. नाव आधीच सांगून टाकलं, बाळांनो. म्हणजे गोष्ट ऐकताना तुम्हाला उगाच थोरामोठ्यांचा संशय यायला नको.

साळिंदर तरुण होतं. वडाखालची शाळा त्यानं अर्ध्यात सोडली होती. तिथे वर्षानुवर्षं एकच धडा चालू होता : मोठ्यांपुढे मान कशी खाली घालावी. साळिंदर मान खाली घालायचं, पण ती घातली की पाठीवरचे काटे उभे राहायचे. थोर मंडळींना ते अजिबात आवडायचं नाही.

"या पोराच्या पाठीवरून मायेनं हात फिरवायचीसुद्धा सोय नाही," घोरपडआत्या म्हणायची.

या साळिंदरानं झऱ्याकाठी टोमॅटोचा वाफा केला होता. जागा कुणाचीच नव्हती. टोमॅटो लाल झाले तेव्हा ती अचानक गवाआबांची झाली. गवाआबा म्हणजे जंगलातलं सर्वांत वजनदार जनावर. म्हणून सर्वांत शहाणं.

"मला दुपारी लोळायला तीच जागा लागते," आबा म्हणाले. "पूर्वापार."

"आबा, पूर्वी तिथे बोरीच्या काट्या होत्या."

"तू मला पूर्वी शिकवणार?"

शेवटी असं ठरलं की साळिंदरानं आपल्या टोमॅटोंचं जंगलाला जेवण घालायचं. आबांनी पसंतीची मान हलवली तर वाफा साळिंदराचा. नाही तर आबा त्यात लोळणार.

महिना वैशाखाचा. पाचोळा असा वाळलेला की उंदीर पळाला तरी पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. म्हणून वैशाखात जंगलात चूल पेटवायची नाही, असा नियम होता. नियम आबांचाच. तो मोडला म्हणून पोरं फटके खायची.

साळिंदरानं डोकं चालवलं. सहलीला आलेली माणसं कडक झालेले पाव टाकून गेली होती. ते त्यानं तोडून घेतले. पिकलेले टोमॅटो हातानंच चुरडले, बियांसकट, रसासकट. मीठ, कांदा, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर. वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार. त्यात पाव घालून सगळं झऱ्यातल्या गार दगडावर ठेवलं. पाव रस पीत राहिला. मऊ झाला, पण त्याचा लगदा झाला नाही. बस्स, एवढाच पदार्थ.

माकडाच्या पोरांनी पानं चाटून पुसली. सशीण म्हणाली, "बाई गं, या उन्हात पोटात झरा उतरल्यासारखं वाटलं."

मग आबांनी पानाला जीभ लावली. सगळे बघत होते. आबांची मान हलायला लागली. हळूहळू खाली येत होती. निम्म्यावर थांबली.

"फोडणी कुठाय?"

"फोडणी नाही, आबा. हे असंच खायचं."

"बिनफोडणीचं?" घोरपडआत्यानं कानांवर हात ठेवले. "अरे, आजाऱ्याला तरी असं वाढतात का?"

"हिंग नाही, मोहरी नाही," अस्वलकाका म्हणाले. "आम्ही वास कशाचा घ्यायचा?"

"टोमॅटोचा घ्या की."

"उलटं बोलतंय बघा!"

"पण वैशाखात चूल पेटवायची नाही, हा नियम तुमचाच आहे ना?"

"नियम चुलीला आहे," आबा म्हणाले. "फोडणीला नाही."

सगळ्या थोरांनी माना डोलावल्या. इतकं खोल आजवर कुणी गेलं नव्हतं.

"आबा, वारा सुटलाय. पाचोळा पेटेल."

"तुझा बाप रांगत होता तेव्हापासून आम्ही फोडण्या खातोय. आम्हाला विस्तव शिकवतोस?" आबा थांबले. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "आणि तो वाफा ठेवायचाय ना तुला?"

इथे चूक झाली, बाळांनो. साळिंदरानं वाफ्याकडे पाहिलं आणि ते गप्प बसलं.

अस्वलकाकांनी तीन दगड मांडले. चूल नव्हे हं. नुसते दगड. खाली काटक्या पेटल्या, पळीत तेल तापलं, मोहरी तडतडली. हिंगाचा वास सुटला तसे थोरांचे डोळे मिटले.

"याला म्हणतात जेवण," आत्या पुटपुटली.

डोळे मिटलेले असल्यामुळे ठिणगी उडालेली त्यांना दिसली नाही. साळिंदराला दिसली. ते ओरडलं. आत्या म्हणाली, "श्श!"

थोड्या वेळानं सगळं जंगल झऱ्यात घुसलं. सर्वांत आधी आबा. ते बसल्यावर उरलेल्या जागेत बाकीचे. साळिंदर मात्र ओंजळी भरभरून वाफ्यावर पाणी मारत राहिलं. वाफा वाचला नाही. साळिंदराची पाठ पेटली तेव्हा सशिणीनं त्याला ओढत पाण्यात आणलं.

दुसऱ्या दिवशी राखेत चौकशी बसली.

"पदार्थ कोणी केला?" आबांनी विचारलं.

"मी."

"पदार्थच नसता तर फोडणी कशाला लागली असती?"

"फोडणी तुम्ही मागितलीत!"

"आम्ही मागणारच. आम्ही मोठे आहोत. तुला एवढं कळत होतं, तर तू अडवायचं होतंस."

ठराव झाला. वैशाखात टोमॅटोला बंदी. फोडणीला हरकत नाही.

आबा आता त्याच जागी राखेत लोळतात. राख कातडीला चांगली असते म्हणे. घोरपडआत्या जाता-येता साळिंदरापाशी थांबते आणि त्याच्या पाठीवरून मायेनं हात फिरवते.

"आता कसं," ती म्हणते, "माणसात आल्यासारखं वाटतंय पोरगं."

तात्पर्य : मोठ्यांचं ऐकावं. नाही ऐकलं तर वाफा जातो. ऐकलं तरी वाफा जातो, पण वर आशीर्वाद मिळतो.

साळिंदराला पुन्हा काटे आले नाहीत.