सोपानाच्या विरहाची व्यवस्था

गाण्यातलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या मावळात कुणाला कळत नसेल! मी हौशीराम, लोणावळा स्टेशनातला सांधेवाला; खटका ओढून गाड्यांचे रूळ बदलणारा. पुण्यात तेव्हा बोलपट नुकते बोलायला लागले होते. पण आमच्या गावात, औंढ्यात, सोपान असताना बोलपट हवेत कुणाला? विशीतलं पोरगं, गाणी स्वतःच जुळवायचं, स्वतःच गायचं. सगळी प्रेमाची नि ताटातुटीची. मी तर ढसाढसा रडायचो, आणि रडून झालं की भूक फक्कड लागायची.

म्हणून वराळ्याच्या भिमाजीला मी भर बाजारात ऐकवलं, "यंदा तुमच्या जत्रंत गाण्याचा सामना आमीच मारणार. सोपान तुमचं गाव रडवून सोडंल."

आणि माघात सोपानाचं लग्न झालं, तेही भिमाजीच्याच लेकीशी, शालूशी! दोघांचं असं जमलं की गाण्यातली ताटातूट पार आटली. नवं गाणं ऐकायला गेलो, तर बायकोच्या हातच्या ठेच्यावर सात कडवी! ठेचा खाऊन वराळं रडेल हो, ऐकून कसं रडणार? माझी झोप उडाली. गावाची अब्रू मी पणाला लावून बसलो होतो.

मग मी डोकं चालवलं. सोपानाच्या आईला, कस्तुराबाईला, गाठलं. म्हटलं, मावशी, सुनेच्या माहेरची जत्रा आलीय, लग्नानंतरची पहिलीच; लेक आधीपासून तिथं हवी, नाहीतर लोक नावं ठेवतील. म्हातारीला पटलं. वराळ्याला जायला शालूला तळेगावच्या गाडीत मीच बसवून दिलं. सोपान फलाटावर असा उभा, जशी वासराला बाजारात नेल्यावर मागं राहिलेली गाय! मला इतका आनंद झाला की तोंड उपरण्यात लपवावं लागलं.

दोन दिवसांत गाणी सुरू. काय ती कळ, काय तो हुंदका! पोरगं जेवेना, मी सुंठ-गूळ घेऊन मागं, गळा बसू नये म्हणून.

जत्रेच्या दिवशी, सोपान बायकोच्या ओढीनं पुढं गेला असेल असं समजून, डफ-तुणतुणं घेऊन आम्ही वराळ्यात पोचलो, तर सोपान समोरच्या फडात! डोक्याला नवा फेटा, शेजारी सासरा. आदल्याच दिवशी भिमाजी स्वतः येऊन त्याला घेऊन गेला होता. पहिल्या जत्रेला लेकीमागोमाग जावयालाही मानानं नेतात, हे मी साफ विसरलो होतो!

"आरं, तू औंढ्याचा ना?" मी विचारलं.

"व्हय भाऊ. पर जावयाचा मान घेतला, आता सासऱ्याचा शबुद कसा मोडू?"

सोपान वराळ्याकडून गायला. दोन्ही गावं रडली, सगळ्यांत जास्त मी. आमच्याकडून गायला कुणीच नव्हतं, सामना गेला. मग त्यानं माझ्याकडं बघत शेवटचं कडवं उचललं. शालूला धाडायची कल्पना माझी, हे आईनं त्याला सांगितलं होतं वाटतं.

"पिरमाची गाडी जोडीनं चालली, रूळ बदलला मेल्यानं,
राघू-मैनेला दोहीकडं धाडलं औंढ्याच्या सांधेवाल्यानं!"

सगळी जत्रा मागं वळून माझ्याकडं बघून हसायला लागली. शालूनं तोंडाला पदर लावला. मी संतापून उठलो. चांगलं खडसावणार होतो, शपथेवर सांगतो! पण चालच अशी काळजाला भिडली होती, की तोंडातून निघालं, "वन्समोर!"